साहस नव्हे, व्यायाम

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय पुन्हा सुरू झाले की आमच्या प्राध्यापक-कक्षात दोन विषय ठरलेले असतात. पहिला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि दुसरा सुट्टीत वाढलेले वजन. घरून आणलेले फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात. चकलीकडे गेलेला हात मध्येच थांबतो आणि कुणीतरी जाहीर करते, "सोमवारपासून रोज!" काय रोज, हे सांगावे लागत नाही. ऐकणारे माना डोलावतात, दोघे-तिघे त्या संकल्पात सामील होतात, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत बहुतेकांचा संकल्प मोडलेला असतो. दरवर्षी हे असेच घडते. संकल्प मोडल्याबद्दल माणसे आळसाला दोष देतात. आम्हांला मात्र आता वाटू लागले आहे की दोष 'रोज' या शब्दात आहे, आणि त्या शब्दामागे उभ्या असलेल्या आपल्या एका जुन्या समजुतीत आहे.

आम्ही तिघे आजऱ्यात मराठी शिकवतो. तिघांनीही चाळिशी ओलांडली आहे आणि तिघांचीही वजने, वाङ्मयीन नव्हे तर खरीखुरी, वाढलेली आहेत. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. शब्दांशी मात्र आमचा रोजचा संबंध आहे. म्हणून वजन घटवण्यासाठी आठवड्यातून किती वेळा व्यायाम करावा आणि कोठे थांबावे, या प्रश्नाकडे आम्ही काहीसे शब्दांच्या वाटेने जाणार आहोत. ज्यांना केवळ आकडे हवे आहेत त्यांना तेही पुढे मिळतील.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका सहकाऱ्यामुळे. आमच्या तिघांपैकीच एक. रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे दोन वर्षांपूर्वी तपासणीत दिसले. डॉक्टरांनी सांगितले, "वजन कमी करा, व्यायाम करा." किती करायचा, कसा करायचा, आठवड्यातून किती दिवस करायचा, हे त्यांनी सांगितले नाही आणि यानेही विचारले नाही. विचारायचे काय त्यात? व्यायाम म्हणजे रोज, आणि जितका जास्त तितका चांगला, हे तर लहानपणापासून कानावर पडलेले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला रामतीर्थाच्या रस्त्याला धावणे, संध्याकाळी व्यायामशाळेत तासभर वजने उचलणे, आणि रात्रीची भाकरी बंद. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. आम्ही कौतुक केले. गावातल्या एका मावशींनी मात्र रस्त्यात थांबवून विचारले, "सर, लई वाळलायसा की. बरं न्हाई काय?" ते ऐकून आम्ही हसलो. आज वाटते, त्या वेळी नीट पाहणारे डोळे एकट्या त्या मावशींचेच होते.

पाचव्या आठवड्यात झोप उडाली. अंग दमलेले असे आणि डोळा लागत नसे. वर्गात चिडचिड होऊ लागली; एका विद्यार्थिनीला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून त्याने असे काही सुनावले की ती आठवडाभर तासाला आली नाही. पायाच्या नडगीत दुखत होते, पण खंड पडू द्यायचा नाही म्हणून तो पट्टी बांधून धावतच राहिला. अखेर हाडाला ताणाने बारीक भेग पडल्याचे निष्पन्न झाले. सहा आठवडे सक्तीची विश्रांती. त्या काळात उतरलेले चार किलो परत आले आणि सोबत आणखी दोन घेऊन आले. तो म्हणाला, "मीच कमी पडलो." आणि आम्ही, त्याचे मित्र, काय म्हणालो? "सातत्य राहिलं नाही तुझं."

हे वाक्य आम्हांला आज जाहीरपणे मागे घ्यायचे आहे. सातत्य त्याच्यापाशी होते, जरुरीपेक्षा अधिकच होते. त्याच्या आठवड्यात विश्रांतीला मात्र कोठेच जागा नव्हती.

आता शब्दांकडे वळू. मराठीत 'साहस' हा गौरवाचा शब्द आहे. साहसी मुलांना पुरस्कार मिळतात, साहसकथांची पुस्तके आपण मुलांना भेट देतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मात्र हाच शब्द रोगाचे कारण म्हणून येतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची, म्हणजे शरीर झिजवणाऱ्या व्याधीची, चार कारणे सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच कारण 'साहस' हे आहे. साहस म्हणजे तेथे आपल्या शक्तीबाहेरचे श्रम. दुर्बळाने बलवंताशी झुंजणे, न पेलणारे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, फार दूरवर पोहत जाणे अशी त्याची उदाहरणे आहेत. याच यादीत अतिशय बोलणे हेही आहे, याची नोंद आम्हां अध्यापकांनी निमूटपणे घ्यावी.

वाग्भटाने दिनचर्या सांगताना व्यायामाचे माप दिले आहे ते 'अर्धशक्ती'. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत व वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे तो सांगतो. अतिव्यायामाने तहान, क्षीणता, श्वास, ताप, खोकला, थकवा उद्भवतात असेही बजावतो. आणि अति करणाऱ्याला उपमा देतो ती हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहाची. सिंह हत्तीला मारतो खरा, पण त्याला ओढता ओढता स्वतःही संपतो. वजन घटवण्याच्या ईर्ष्येने आपल्या देहाला फरफटत नेणाऱ्या माणसाचे याहून नेमके चित्र आम्हांला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. आजचे सारे ज्ञान आमच्या पूर्वजांना आधीच अवगत होते, असा दावा करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांला बसायचे नाही. प्राचीन ग्रंथांत निरीक्षणे आहेत, मोजमापे नाहीत. मापांसाठी आधुनिक शास्त्राकडेच जावे लागेल. पण एखादी भाषा 'साहस' हा शब्द व्याधीच्या यादीतून काढून गौरवाच्या यादीत नेते, तेव्हा त्या समाजाच्या मनात काय बदलले हे विचारण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला नक्कीच आहे.

'व्यायाम' या शब्दाच्या पोटातही 'यम्' धातू आहे. वि, आ आणि यम्: ताणणे, विस्तारणे. त्याच धातूपासून संयम आला, नियम आला, आयाम आला. ताण आणि आवर एकाच मुळातून यावेत, यात व्यायामाचे सारे मर्म आहे. ताणावे आणि आवरावेही. आपण पहिले तेवढे उचलले.

पण हे 'रोज आणि जास्त' आले कोठून? आमच्या मते ते आपल्या व्रतसंस्कृतीतून आले. व्रताला खंड चालत नाही. खंड पडला तर उद्यापन नाही, फळ नाही. खाल्ल्याचे पाप आणि घाम हे प्रायश्चित्त, असे समीकरण आपल्या मनात नकळत तयार झालेले असते. त्यात भर म्हणून आता भ्रमणध्वनीवर दिवसांची साखळी मोजणारी यंत्रणा आली आहे. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि माणूस हिरमुसतो. रोज दहा हजार पावलांचा दंडकही असाच. तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. आकडा गोल होता म्हणून तो जगभर पोहोचला. त्याच्या मुळाशी प्रयोगशाळा नव्हती, जाहिरात होती.

व्यायामाच्या संकल्पाचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लोकमान्यांचे. प्रकृती अशक्त म्हणून टिळकांनी महाविद्यालयातले पहिले वर्ष शरीर कमावण्याला दिले आणि त्या वर्षी परीक्षेतले अपयशही पत्करले. ही गोष्ट आम्हीही वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. सांगताना आम्ही एक विसरतो. टिळक तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते, त्यांना वजन घटवायचे नव्हते तर बळ मिळवायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी दुसरे काम बाजूला ठेवले होते. पंचेचाळिशीचा, दिवसाला चार तास घेणारा, घरी म्हाताऱ्या आईवडिलांचे पाहणारा गृहस्थ तेच करू पाहतो तेव्हा तो टिळकांचे अनुकरण करत नसतो. तो केवळ दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवत असतो.

'शरीर कमावणे' हा वाक्प्रचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. तो तालमीतला आहे. शरीर ही कमाई, म्हणजे हळूहळू साठणारी गोष्ट. आजची व्यायामाची भाषा मात्र सारी खर्चाची आणि आगीची: चरबी जाळा, उष्मांक खर्च करा, पोट उडवा. कमावणारा माणूस गाठीला काय उरले ते पाहतो; जाळणारा फक्त राख मोजतो.

तालमीचा विषय निघाला की कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस थोडा भावुक होतो, त्याबद्दल क्षमा असावी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, गंगावेस आणि मोतीबाग या तालमींची नावे खेड्यापाड्यांत पोहोचली. आज पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांची नावे नव्या पिढीच्या तोंडी फुटबॉलच्या संघांमुळे आहेत, तो भाग निराळा. पण तालीम म्हणजे नुसते जोर आणि बैठका नव्हेत. पहाटेची मेहनत, त्यानंतर मालीश, त्यानंतर खुराक, दुपारची झोप आणि मग संध्याकाळची लढत असा तो पुरा दिवसक्रम. त्यात झोप ही सवलत म्हणून येत नाही, कामाचा भाग म्हणून येते. शिवाय कोणाला आज किती पिळायचे आणि कोणाला मोकळे सोडायचे हे पाहणारा वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. आपण घरी बसून पैलवानांची मेहनत तेवढी उचलली. झोप, मालीश आणि वस्ताद मागे ठेवले. आणि हे विसरलो की मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. तालमीत रोज प्रयोग लावायचा नसतो.

तालमीने दुसरा धडाही दिला आहे, तो उलट्या बाजूने. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की उमेदीतला कसलेला पैलवान पन्नाशीत पोट सुटलेला दिसतो. आपल्या भागात ही उदाहरणे शोधावी लागत नाहीत. वजनाच्या हिशेबात ताटाचे पारडे व्यायामाच्या पारड्याहून जड असते, हे यातून कळावे. सत्तर किलो वजनाचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण अडीचशे उष्मांक खर्च होतात. एस.टी. स्टँडवरच्या दोन गरम वड्यांनी आणि पावाने ते सहज भरून निघतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, हे लक्षात घेतले की केवळ धावून महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या वल्गना किती पोकळ आहेत ते उमजते.

मग वजनकाट्यावर चार दिवसांत दोन किलो उतरलेले दिसतात ते काय? बरेचसे पाणी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीआधी अमन सेहरावत या मल्लाने सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवले. ती चरबी नव्हती, घाम होता. पाणी प्यायल्यावर ते परत येणारच. याउलट आपल्या खाशाबा जाधवांचे पाहा. १९४८ साली लंडनला ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते ५७ किलोच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या चार वर्षांत गट वरचा झाला आणि पदकही आले. काट्यावरचा आकडा म्हणजे शरीर नव्हे, हे आणखी कोणी सांगावे?

हेच शास्त्राच्या भाषेत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला सांगितले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार असू शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणून काट्याइतकेच, किंबहुना काट्यापेक्षा जास्त, लक्ष कमरेच्या फितीकडे हवे. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानले जाते. आणि म्हणूनच उपास व धावणे यांच्या जोडीने स्नायूही झिजवून टाकणारा 'व्यायाम' आपल्यासाठी विशेष घातक. त्यात जपायचे तेच जाते.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. येथे एकक 'आठवडा' आहे, 'दिवस' नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने २००९ साली मांडलेल्या भूमिकेत वजन वाढू न देण्यासाठी आठवड्याला १५० ते २५० मिनिटे, आणि लक्षात येईल इतके उतरवण्यासाठी २५० मिनिटांहून अधिक, असा हिशेब दिला आहे. व्यवहारात याची मांडणी आम्हांला अशी दिसते: आठवड्यातून पाच दिवस चाळीस ते पन्नास मिनिटे भरभर चालणे, त्यांपैकी दोन दिवस, सलग नव्हे, त्याला वीस मिनिटे बैठका, जोर किंवा वजनांची जोड, एक दिवस नुसते पाय मोकळे करण्यापुरते, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. जो आजवर खुर्चीतून उठलाच नाही त्याने तीन दिवस, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि महिना-दोन महिन्यांत येथवर यावे. ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि आमच्या मित्राप्रमाणे अर्धेच न विचारता 'किती' हेही विचारावे.

मध्यम श्रम म्हणजे किती? आजचे तज्ज्ञ त्याची सोपी कसोटी सांगतात: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. सुश्रुताने अर्धशक्तीची खूण सांगितली ती अशी की श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबावे. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन्ही मापे श्वासावरच येऊन थांबतात, याची गंमत वाटते.

ज्यांना पाच दिवस जमतच नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ६३ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. एवढे खरे की शनिवार-रविवारी एकदम जोर लावणाऱ्याने दुखापतीला अधिक जपावे.

आणि पाचाऐवजी सात दिवस, तासाऐवजी तीन तास केले तर? येथे शरीर आपला हिशेब मांडते. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाडझा या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. २०१२ साली त्यांनी दाखवून दिले की दिवसभर मैलोन्‌मैल चालणाऱ्या या लोकांचा एकूण उष्मांक-खर्च, शरीराच्या आकारमानाचा विचार करता, बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्यांच्या खर्चाहून फारसा वेगळा नाही. श्रम वाढत गेले की शरीर इतरत्र काटकसर करू लागते, असे त्यांचे पुढचे प्रतिपादन आहे. त्यावर वाद आहेत, पण 'दुप्पट व्यायाम म्हणजे दुप्पट घट' हे भाबडे त्रैराशिक मात्र त्यांनी मोडीत काढले आहे. श्रम अफाट आणि अन्न अपुरे असे झाले की काय होते, त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली स्वतंत्र नाव दिले. स्त्रियांची पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, सर्दी-ताप वारंवार येतात, मन खचते. आमच्या मित्राच्या नडगीतली भेग याच वाटेवरची होती.

वैद्यकीय अर्थाने ज्याला अतिसरावाचा विकार म्हणतात, ज्यातून सावरायला महिनोन्‌महिने लागतात, तो मुख्यतः स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंचा आजार आहे. आपल्यासारख्यांच्या वाट्याला बहुधा त्याची धाकटी भावंडे येतात: दुखापत, उडालेली झोप आणि कायमचा कंटाळा. ती ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. सकाळी अंथरुणातच नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा मिनिटाला सात-आठ ठोक्यांनी वाढलेली राहू लागली, दुखणे दोन दिवसांत न ओसरता एका जागी ठाण मांडून बसले, झोप बिघडली, कालचे अंतर आज जड जाऊ लागले, घरची माणसे 'तू हल्ली फार चिडतोस' म्हणू लागली, तर त्या आठवड्यात व्यायाम निम्म्यावर आणावा. सवय नसताना पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्या आणि नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. स्नायूंचे तुकडे रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होण्याचा तो इशारा असतो. थेट रुग्णालय गाठावे.

आमच्यापैकी जी सहकारी आहे तिचे म्हणणे याहून निराळे आहे, आणि ते येथे नोंदवणे आवश्यक आहे. ती म्हणते, "विश्रांतीचा दिवस कोणाचा? तुमचा." पहाटे उठून दोन डबे, मग महाविद्यालय, मग पुन्हा स्वयंपाक, आणि त्यातून उरलेल्या वेळात 'स्वतःसाठी' चालणे. तिच्या आठवड्यात व्यायामाची सुट्टी असली तरी श्रमांची सुट्टी नसते. आषाढात आजऱ्याच्या शिवारात घनसाळची रोपलावण चालते तेव्हा गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभ्या असणाऱ्या बायांना कोणी 'आठवड्याला दीडशे मिनिटे' सांगू लागले तर त्या हसतील, आणि ते हसणे योग्यच असेल. त्यांना व्यायामाची कमतरता नाही. पोटभर सकस अन्न आणि पाठ टेकायला मिळणे याची आहे. व्यायाम किती करावा हा प्रश्न खुर्चीवर बसून पगार घेणाऱ्यांचा आहे. तो विचारताना आपल्या घरातील विश्रांतीची वाटणी कशी झाली आहे, हेही विचारावे. नवऱ्याने संध्याकाळची भांडी घासली तर दोघांचाही व्यायाम मार्गी लागतो, असा तिचा हिशेब आहे. आम्हां दोघांना तो अद्याप खोडता आलेला नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. माणूस मुळातच आळशी. त्याला सुट्टी सांगितली की तो सातही दिवस सुट्टी घेईल. 'रोज' म्हटल्यावर निदान चार दिवस तरी करतो. यावर आमचे उत्तर असे की जो नियम मोडण्यासाठीच केलेला असतो तो माणसाला व्यायाम शिकवत नाही, अपराधीपणा शिकवतो. आणि अपराधी माणूस दोनच गोष्टी करतो: एक तर दुप्पट प्रायश्चित्त घेतो, नाही तर देवळाकडे फिरकतच नाही. आमच्या मित्राने आधी पहिली केली आणि नंतर कित्येक महिने दुसरी. सुट्टी वेळापत्रकातच लिहिलेली असेल तर ती घेणे म्हणजे नियम मोडणे नव्हे, पाळणे होय. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात योग्याला सांगितलेल्या पथ्यात अन्नही मापाने आहे, पावलेही मापाने आहेत, बोलणे मापाने आहे, झोप आणि जागणेही मापाने आहे. तेथे कोठेही 'जितके जास्त तितके बरे' असे नाही. योग्याला जे माप, ते मराठीच्या प्राध्यापकाला जाचक वाटू नये.

आमचा मित्र गेल्या वर्षभरात पुन्हा चालू लागला आहे. पाच दिवस, रामतीर्थाच्याच रस्त्याला. पावसाळ्यात, जेव्हा आजऱ्याचा पाऊस चार-चार दिवस उघडीप देत नाही, तेव्हा घरच्या सोप्यात बारा-पंधरा सूर्यनमस्कार. रात्रीची भाकरी परत आली आहे, वडे शनिवारपुरते उरले आहेत. वर्षात वजन साडेतीन किलोंनी उतरले. कोणी कौतुक करत नाही, कारण कोणाच्या डोळ्यांवर येण्याइतका तो वाळलेला नाही. पट्ट्याला मात्र दोन भोके आत पाडावी लागली, साखर सीमारेषेच्या अलीकडे आली, आणि ज्या विद्यार्थिनीला त्याने सुनावले होते तिची त्याने वर्गात सर्वांसमोर माफी मागितली.

यंदाही दिवाळीनंतर प्राध्यापक-कक्षात फराळाचे डबे उघडले जातील आणि कुणीतरी "सोमवारपासून रोज" म्हणेलच. तेव्हा त्याला एवढेच विचारायचे आम्ही ठरवले आहे: "ठीक आहे, पण सुट्टी कोणत्या वारी?"